बंद घराचे गिऱ्हाईक

पुण्याच्या पश्चिम भागात जुन्या सदनिकांचे व्यवहार जुळवून देण्यात ज्याच्या आयुष्याचा मोठा भाग खर्ची पडला आहे, त्याला विकल्या गेलेल्या घरांच्या आठवणी फारशा राहत नाहीत. कारण चांगले घर चार दिवसांत जाते, ठरलेली दलाली हाती पडते, आणि वर्षभराने त्याचा मजला कोणता होता हे आठवण्यासाठीही जुनी वही उघडावी लागते. स्मरणात राहतात ती न खपलेली घरे. ज्यांच्या किल्ल्या मेजाच्या खणात गंजत पडतात, ज्यांचे मालक आरंभी आठवड्याला, पुढे महिन्याला, आणि सरतेशेवटी केवळ दिवाळीच्या शुभेच्छांच्या मिषाने चौकशी करतात, आणि ज्यांचे गुणवर्णन करताना आपलाच उत्साह आपल्या कानांना परका वाटू लागतो, त्या घरांनी मला हा व्यवसाय शिकवला असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती होणार नाही.

अशा घरांपैकी एकाविषयी येथे थोडे विस्ताराने लिहावे असे वाटते. कोथरूडमध्ये डहाणूकर कॉलनीच्या अंगाला, १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत उभ्या राहिलेल्या एका सहकारी गृहरचना संस्थेत, तिसऱ्या म्हणजे सर्वांत वरच्या मजल्यावर ही सदनिका होती. बैठकीची खोली, दोन निजायच्या खोल्या, स्वयंपाकघर, पुढे एक बाल्कनी, आणि इमारतीस लिफ्ट नाही. मूळ मालक संस्कृतचे प्राध्यापक होते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले तेव्हा नारायण पेठेतल्या त्यांच्या भाड्याच्या बिऱ्हाडात पुरुषभर पाणी चढले होते, आणि त्या दिवसाचा धसका त्यांनी इतका घेतला होता की पुढे स्वतःचे घर घेण्याची ऐपत आली तेव्हा त्यांनी तळाकडच्या मजल्यांकडे ढुंकूनही न पाहता वरचा मजला पसंत केला. ते गेले, काही वर्षांनी त्यांच्या पत्नीही गेल्या. थोरला मुलगा न्यू जर्सीत, धाकटा बंगळुरूस, कन्या सांगलीस; तिघांचेही आपापले संसार स्थिरावलेले, आणि पुण्याच्या घराला कुलूप. ते विकावे यावर तिघांचे एकमत होते. कितीला विकावे यावर मात्र तिघांची तीन मते होती.

घर माझ्याकडे आले तेव्हा ते बाजारात पुष्कळ दिवस फिरलेले होते. तीनचार मध्यस्थांकडे त्याची नोंद असून प्रत्येकाने निराळा आकडा सांगितलेला होता, कारण थोरल्या चिरंजीवांनी एकाला, धाकट्यांनी दुसऱ्याला आणि जावयांनी तिसऱ्याला आपापल्या अंदाजाप्रमाणे किंमत कळवली होती. त्यांपैकी एक आकडा तर एका लग्नाच्या पंगतीत कोणा दूरच्या आप्ताने आपल्या प्रभात रस्त्यावरच्या घराविषयी जे सांगितले त्यावरून बेतलेला होता! एकाच घराच्या तीन किमती ऐकणारा ग्राहक सर्वांत कमी किंमत खरी धरतो, आणि तिच्याही खाली आणखी एखादी असावी असा संशय घेऊन थांबून राहतो. त्यात महाजालावरच्या जाहिरातीत विस्तृत भिंगाने घेतलेली छायाचित्रे, ज्यांत दहा बाय बाराची खोली नाट्यगृहाएवढी दिसावी. ती पाहून आलेला माणूस उंबरठ्यावरच खट्टू होतो, आणि खट्टू झालेल्या माणसाला पुढे काहीही दाखवले तरी तो केवळ सभ्यतेपोटी पाहतो.

म्हणून माझी पहिली विनंती अशी होती की हे घर काही महिने बाजारातून सर्वस्वी काढून घ्यावे, सर्व जाहिराती उतरवाव्यात, आणि किल्ली एकाच्याच हाती असावी. विक्री लवकर व्हावी म्हणून ती थांबवायची, हे थोरल्या चिरंजीवांना चमत्कारिक वाटले. परंतु दोन वर्षे ‘विकणे आहे’ म्हणून दिसत राहिलेल्या घरात काहीतरी खोट असणारच असे शेजारच्या इस्त्रीवाल्यापासून बँकेच्या मूल्यमापकापर्यंत सर्वांना वाटू लागते, आणि ही समजूत कोणत्याही रंगाने झाकता येत नाही, एवढे त्यांना पटवून देता आले.

या काळात मी काही ग्राहक आणले होते ते विक्रीच्या अपेक्षेने नव्हे. पुण्याचा ग्राहक घराच्या तोंडावर घराची निंदा करीत नाही. तो सर्व खोल्या हिंडतो, ‘छान आहे, हवेशीर आहे’ असे म्हणतो, ‘घरी विचारून कळवतो’ असे सांगतो, आणि मग कळवत नाही. त्याचे खरे मत जिन्यात उमटते. मी कुलूप लावण्याच्या निमित्ताने मुद्दाम मागे रेंगाळत असे, आणि खालच्या वळणावरून बायकोने नवऱ्याला हलक्या आवाजात सांगितलेले दोनच शब्द, ‘वास येतो’, हे मी इतक्या वेळा ऐकले की पुढे ग्राहक दाराशी असताना मीच आपले नाक सावध करून आत जाऊ लागलो.

त्या वासाचे कारण मालकांनी कुजलेले लाकूड मानले होते आणि त्यासाठी स्वयंपाकघरातली कपाटे उपटण्याची त्यांची तयारी होती. वस्तुतः कारण फार साधे होते. न्हाणीघराच्या फरशीखाली जो नहाणी ट्रॅप बसवलेला असतो त्याच्या वाकणात नेहमी थोडे पाणी साचून राहते, आणि सांडपाण्याच्या नळातली दुर्गंधी घरात शिरू न देण्याचे काम तेवढे पाणीच करते. घर नांदते असेल तर ते रोज आपोआप भरले जाते, घर बंद असेल तर काही आठवड्यांत, उन्हाळ्यात त्याहूनही लवकर, आटून जाते. शौचकूप, हात धुण्याचे भांडे, स्वयंपाकघरातली मोरी, कपडे धुण्याची जागा, सर्वांची हीच गत झालेली होती. प्रत्येक ठिकाणी बादलीभर पाणी, आणि ते लवकर उडून जाऊ नये म्हणून वर चमचाभर गोडेतेल, एवढ्यावर दोन दिवसांत अर्धा वास गेला. उरलेला अर्धा डांबराच्या गोळ्यांचा, जुन्या कापसाच्या गाद्यांचा, आणि बंद खिडक्यांचा. खालच्या मजल्यावर काम करणाऱ्या मावशींना ठरावीक मोबदला देऊन आठवड्यातून दोनदा खिडक्या उघडण्याचे आणि मोऱ्यांत पाणी ओतण्याचे काम लावून दिले. त्या कामावर झालेला खर्च साऱ्या हिशेबात सर्वांत अल्प, आणि माझ्या मते सर्वांत सार्थकी लागलेला.

पुढचे काम नाजूक होते. बैठकीच्या खोलीत शिरताच समोर प्राध्यापकांची तसबीर, तिला चंदनाचा हार, शेजारी त्यांच्या पत्नीची, तिलाही हार. त्याखाली दोघांच्या सन्मानचिन्हांची मांड, आणि तिन्ही भिंतींना छतापर्यंत ग्रंथांची कपाटे. राहते घर असताना ही व्यवस्था भारदस्त दिसत असेल. पण घर घेऊ पाहणारे तरुण जोडपे त्या खोलीत उभे राहिले की नकळत आवाज उतरवून बोलू लागत असे, आपण कोणाच्या तरी दुःखात आगंतुक आलो आहोत असा भाव त्यांच्या मुद्रेवर दिसे, आणि जेथे आवाज उतरवावा लागतो तेथे आपले पाळण्यातले मूल रडेल ही कल्पना माणसाला सुचत नाही. हे थोरल्या चिरंजीवांना दूरध्वनीवरून सांगणे सोपे नव्हते. “बाकी सगळं काढा, पण आई-बाबांचे फोटो तेवढे राहू द्या, घर जाईपर्यंत,” असे ते म्हणाले. मी वाद घातला नाही. सांगलीच्या ताईंना मात्र वस्तुस्थिती कळवली, आणि त्या स्वतः येऊन दोन्ही तसबिरी, देव्हारा आणि आईची पितळेची भांडी घेऊन गेल्या. जाताना स्वयंपाकघरात बराच वेळ बसल्या होत्या, तेव्हा मी खाली जाऊन उभा राहिलो.

ग्रंथांचे काय करावे हा प्रश्न मात्र रद्दीच्या तराजूने सुटण्याजोगा नव्हता. वारसांची अशी श्रद्धा असते की वडिलांची पुस्तके पाहताच कोणतेही ग्रंथालय ती हात जोडून स्वीकारील. अनुभव असा की ग्रंथपाल अत्यंत नम्रपणे यादी मागतात, यादी पाहून अत्यंत नम्रपणे चार-दोन नावांवर खूण करतात, आणि उरलेल्यांविषयी जागेची अडचण सांगतात. त्यात त्यांचा दोष नाही, त्यांच्याही फडताळांत तीच पुस्तके तिसऱ्यांदा आलेली असतात. आपट्यांचा संस्कृत-इंग्रजी कोश प्राध्यापकांच्या एका विद्यार्थ्याने नेला, विश्वकोशाचे खंड एका शाळेने घेतले, काही पोथ्या धाकट्या चिरंजीवांनी बंगळुरूस नेल्या, आणि राहिलेला मोठा ऐवज अप्पा बळवंत चौकातल्या एका जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्याने टेंपोत भरून नेला. कपाटे निघाली तेव्हा कळले की बैठकीची खोली चांगली ऐसपैस आहे. सर्वस्वी रिकामी ठेवली असती तर ती पुन्हा लहान दिसली असती, कारण मोकळ्या भिंतींमध्ये माणसाला मापाचा अदमास येत नाही. म्हणून एक दिवाण, एक मेज आणि दोन खुर्च्या मागे ठेवल्या, आणि निजायच्या खोलीत एक साधा पलंग, जेणेकरून पलंग घालून भोवती फिरता येते हे ग्राहकाने टेपने न मोजता पाहावे.

प्रकाशाची गोष्ट अशी की तो घरात होता, पण त्याला आत येण्यास मज्जाव केलेला होता. पुण्यातल्या त्या काळच्या बहुतेक घरांप्रमाणे याही घराची बाल्कनी पुढे केव्हातरी बंदिस्त करून घेतलेली होती. खाली प्लायवूड, वर धुरकट काच, आत जुनी वर्तमानपत्रे, मोडका पंखा आणि सायकल. ते सारे बांधकाम उतरवून मूळचा कठडा मोकळा केला तेव्हा सकाळचे ऊन बैठकीच्या मध्यापर्यंत आले. काही ग्राहक म्हणत की एक खोली कमी केली. परंतु २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने चटई क्षेत्राची व्याख्या स्पष्ट केल्यापासून जाणता ग्राहक आधी ‘कार्पेट किती’ हेच विचारतो, बाल्कनी त्या हिशेबात धरली जात नाही, आणि कर्ज देणाऱ्या बँकेचा माणूस मंजूर नकाशा हाती धरून घर मोजतो तेव्हा बंदिस्त बाल्कनी ही सोय न ठरता शेरा ठरते. खिडकीसमोर संस्थेच्या आवारातला गुलमोहर होता. त्याच्या फांद्या छाटल्या तर आणखी उजेड येईल असे रंगाऱ्याने सुचवले, पण झाडाला हात लावण्यास वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते हे एक, आणि दुसरे असे की मे महिन्यात तोच गुलमोहर पाहून एक बाई पाच मिनिटे खिडकीत उभ्या राहिल्या होत्या. आम्ही पडदे काढले, झाड ठेवले.

फरशी मोझेकची होती आणि तीवर नवीन चकचकीत फरशी घालावी असा धाकट्या चिरंजीवांचा आग्रह होता. मी मशीनवाल्याला बोलावले. त्याने जाड्या दगडापासून बारीक दगडापर्यंत क्रमाने घासून शेवटी ऑक्झॅलिकचा हात दिला, तेव्हा त्या करड्या पटलाखालून संगमरवराचे हिरवे-पांढरे कण असे वर आले की प्राध्यापकांच्या शेजारणीला ती नवीच फरशी वाटली. नळांचे वॉशर बदलले, कुरकुरणाऱ्या बिजागऱ्यांना तेल दिले, कोयंडे नीट बसवले, विजेची जी बटणे दाबल्यावर काहीच होत नसे ती दुरुस्त केली. ही कामे कोणी ग्राहक कौतुकाने पाहत नाही. परंतु शितावरून भाताची परीक्षा करणारा हा वर्ग आहे, आणि नळ ठिबकताना दिसला की भिंतीतले नळ कसे असतील याचा तर्क तो तत्क्षणी करतो. घर विकणाऱ्याला वाटते की समोरचा माणूस सौंदर्य शोधण्यास आला आहे. तो आपल्या उभ्या आयुष्याची कमाई आणि वीस वर्षांचे हप्ते घेऊन आलेला असतो, आणि आपल्यापासून काय लपवले जात आहे हे शोधीत असतो. घराची मांडणी करताना मी जे जे केले ते सारे या एका भयाला उत्तर म्हणून केले, आणि ज्या खर्चाने या भयाचे निवारण होत नव्हते तो खर्च मालकांना करू दिला नाही. स्वयंपाकघरात कडप्प्याचा ओटा होता. तेथे ग्रॅनाइट आणि तयार फडताळे बसवली असती तरी येणारी गृहिणी ती काढून आपल्या मनाजोगी करणारच होती, मग त्या लाख-दोन लाखांची भरपाई तिने का करावी? छताखाली दुसरे खोटे छत घालून त्यात दिवे लपवण्याची सूचनाही आली होती. वरच्या मजल्यावरच्या घरात खोटे छत पाहिले की मी स्वतः प्रथम विचारतो, खरे छत कसे आहे?

आणि खरे छत चांगले नव्हते. आतल्या निजायच्या खोलीत ईशान्येच्या कोपऱ्यात एक तपकिरी वलय होते, त्याच्याखाली भिंतीला हातभर लोणा धरलेला होता, आणि रंगाचे पोपडे बोट लावताच गळत. पुराच्या भयाने सर्वांत वर राहावयास गेलेल्या माणसाच्या घरात पाणी वरूनच आले होते. रंगाऱ्याचा उपाय तयार होता. पोपडे खरवडून, वर पुट्टीचे दोन हात आणि तेलकट रंगाचा एक, म्हणजे पावसाळ्यापर्यंत काही दिसणार नाही, आणि तोवर घर गेलेले असेल. या व्यवसायात हा उपाय सर्रास चालतो हे मला ठाऊक आहे. त्याला माझा विरोध आहे, आणि तो केवळ सदाचरणाचा नाही. ओल भिंतीत असताना वरून रंगाचा पापुद्रा लावला की आतले पाणी बाहेर येण्याची वाट शोधते, येताना चुन्या-विटांतले क्षार पृष्ठभागावर आणून टाकते, आणि ते क्षार रंगाला आतून ढकलतात. त्यामुळे नवा रंग फुगतो तो जुन्यापेक्षा लवकर. आणि पहिल्याच मृगात नवा मालक ज्याच्या दाराशी येऊन उभा राहतो तो मध्यस्थ त्याच वस्तीत आपले दुकान चालवीत असतो.

पाणी गच्चीतून येत होते. गच्ची संस्थेची, आणि गच्चीतून होणारी गळती स्वखर्चाने दुरुस्त करणे हे आदर्श उपविधींप्रमाणे संस्थेचे कर्तव्य. परंतु उपविधी आणि कार्यकारिणी यांच्यात पुण्यात बरेच अंतर असते. सेक्रेटरी सेवानिवृत्त गृहस्थ होते, दप्तर अत्यंत चोख ठेवीत, आणि बोलण्यात कोणाला हार जात नसत. “प्रोफेसरांचं घर बंद आहे, गळून कुणाच्या डोक्यावर पडणार आहे?” हा त्यांचा पहिला प्रश्न, आणि मृताच्या वारसांकडे देखभाल शुल्काची थकबाकी असताना त्यांच्या तक्रारीची दखल घेण्यास संस्था बांधील आहे काय, हा दुसरा. थकबाकीच्या आकड्यात त्यांनी बिनभोगवटा शुल्कही धरले होते. ते शुल्क घर भाड्याने दिल्यावर, सेवाशुल्काच्या शेकडा दहापर्यंतच आकारता येते, कुलूप लावून ठेवलेल्या घरावर नाही, हे मी शासकीय आदेशाची नक्कल पुढे ठेवून निवेदन केले तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला आणि चहा मागवला. पुढचे बोलणे सौम्य झाले. तडजोड अशी ठरली की वारसांनी खरी थकबाकी एकरकमी भरावी, संस्थेने दुरुस्ती निधीतून गच्चीचे काम उन्हाळ्यातच करून घ्यावे, आणि कोपऱ्यातल्या छताचे आतले प्लास्टर वारसांनी आपल्या खर्चाने करावे. जिन्यातले बंद दिवे, कोणाच्या तरी मोडक्या कुंड्या आणि तळमजल्यावर वर्षानुवर्षे उभी असलेली एक बेवारशी स्कूटर यांचाही मी त्याच बैठकीत उल्लेख केला, आणि या घराला चांगला भाव आला तर उरलेल्या सर्व घरांच्या भावाचा तोच दाखला होईल असे सुचवले. स्कूटर दुसऱ्या दिवशी दिसली नाही.

मिस्त्री जाणता होता. त्याने गच्ची पाहून सांगितले की विटांच्या तुकड्यांचा कोबा अजून धड आहे, पाणी मुरते ते कठड्याची भिंत आणि कोबा यांच्या सांध्यात, जेथे वाटा उखडून भेग पडली आहे. तो भाग फोडून नव्याने भरला, पावसाळी नळाचे तोंड मोकळे केले, आणि मग गच्चीच्या त्या भागाला बांध घालून त्यात काही दिवस पाणी साठवून ठेवले. खाली छत कोरडे राहिले. येथे मी वारसांकडे एक गोष्ट मागितली, जी त्यांना मोठी जड गेली: हा पावसाळा जाऊ द्यावा. ओले प्लास्टर पुरते सुकल्यावाचून रंग द्यायचा नाही, आणि संपूर्ण पावसाळा काढल्यावाचून ‘गळती थांबली’ हे विधान कोणापुढे करायचे नाही. आषाढात, श्रावणात मी त्या खोलीत जाऊन कोपऱ्याला तळहात लावून पाहत असे. भाद्रपदात पितृपक्ष लागला. त्या पंधरवड्यात आमच्याकडे घर पाहण्यास कोणी येत नाही, विसार देणे तर दूरच, म्हणून रंगकामासाठी त्याच्याइतका सोयीचा काळ नाही. स्वयंपाकघरातला पोपटी तैलरंग आणि निजायच्या खोलीतला गडद निळा, दोन्ही गेले. छताला शुभ्र आणि भिंतींना साय रंगाची छटा दिली.

त्या प्रतीक्षेच्या महिन्यांत कागदपत्रांचे काम उरकले. माझ्या अनुभवात जुन्या घराचे मोल रंगापेक्षा कागदाने अधिक वाढते, आणि मालक नेमके तेच काम शेवटी ठेवतात. भागपत्र प्राध्यापकांच्या नावे, नामनिर्देशन पत्नीच्या, दोघेही दिवंगत. नामनिर्देशित व्यक्ती म्हणजे मालक नव्हे, तेव्हा तिन्ही वारसांची नावे संस्थेच्या दप्तरी लावून घेणे आले. बिल्डरशी झालेल्या पहिल्या करारनाम्याची मूळ प्रत सापडत नव्हती. दुय्यम निबंधकांच्या कचेरीतून तिची प्रमाणित नक्कल आणि इंडेक्स टू मिळवला. भोगवटापत्र, मिळकतकराची पावती, विजेचे देयक, थकबाकी नसल्याचा संस्थेचा दाखला, हस्तांतरण शुल्क शासनाने घालून दिलेल्या २५,००० रुपयांच्या मर्यादेत राहील असे सेक्रेटरींचे लेखी पत्र, हे सर्व एका फायलीत लावले. न्यू जर्सीच्या चिरंजीवांनी तेथील भारतीय वकिलातीपुढे सही करून पाठवलेले मुखत्यारपत्र भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत येथील मुद्रांक लावून घ्यावे लागते, ते घेतले. अनिवासी वारसाच्या हिश्श्यावर खरेदीदाराने कापावयाचा आयकर निवासी वारसांच्या हिश्श्यापेक्षा पुष्कळ अधिक असतो, आणि ऐन वेळी ही बाब कळली की व्यवहार मोडतात, म्हणून तिचे टिपण सनदी लेखापालांकडून आधीच लिहून घेऊन फायलीत सर्वांत वर ठेवले.

दसऱ्याला घर पुन्हा बाजारात आले. एकच मध्यस्थ, एकच किंमत, आणि ती त्या गल्लीत गेल्या वर्षी प्रत्यक्ष नोंदल्या गेलेल्या खरेदीखतांवरून काढलेली. जाहिरातीत लिफ्ट नसल्याचे आणि चटई क्षेत्राचे मी पहिल्याच ओळीत लिहिले. जिन्यावर बिथरणारा माणूस जिन्यापर्यंत आणण्यात दोघांचाही वेळ जातो. घर सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यानच दाखवीत असे. एका गृहस्थांनी भ्रमणध्वनीवरचे होकायंत्र काढून मुख्य दरवाजा दक्षिणेस असल्याचा निर्णय दिला. ते जेथे उभे होते त्याला खेटून शेजाऱ्यांच्या दाराला लोखंडी जाळीचा दरवाजा होता, आणि लोखंडाजवळ ती सुई वाटेल ते सांगते. दोन पावले सरकल्यावर दरवाजा पूर्वेस आला. पण दक्षिण एकदा मनात भरलेली, ते पुन्हा आले नाहीत.

जे आले ते शाळेत शिकवणारे जोडपे, सोबत मुलीचे वडील, सातारकडचे, बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले. मुलगी आणि जावई बाल्कनीत रमले; वडील एक अक्षर न बोलता आतल्या खोलीत गेले आणि वर पाहत उभे राहिले. त्यांनी विचारण्यापूर्वी मी कोपरा दाखवला, येथे गळत होते, असे सांगितले, फोडकामापूर्वीची, कामाच्या वेळची आणि पावसातली छायाचित्रे त्यांच्या हाती दिली, आणि संस्थेकडून किल्ली घेऊन त्यांना गच्चीवर नेले. त्यांनी कठड्याचा सांधा बोटाने टोकरून पाहिला. “मिस्त्री कोण?” एवढेच त्यांनी विचारले. खाली येऊन फाईल चाळायला मात्र त्यांनी तासभर घेतला, आणि मुलीला म्हणाले, “बाळ, हे घे. याच्यात काय वाईट आहे ते आपल्याला कळलंय.”

घासाघीस झालीच, ती न करता पुण्यात घर घेतल्याचे समाधान मिळत नाही. तथापि मूळ बोलीपासून आकडा फारसा हलला नाही, आणि ज्या भावाला गेली दोन वर्षे कोणी शिवत नव्हते त्याहून तो वरच राहिला. मुद्रांक शुल्क त्या वेळी महापालिकेच्या हद्दीत शेकडा सात होते. घर केवळ पत्नीच्या नावे घेतल्यास शेकडा एकची सवलत मिळते हे जावईबापूंना मीच सुचवले, आणि त्यांनी ते ज्या तत्परतेने मान्य केले ते पाहून सासरे प्रथमच हसले. निबंधक कचेरीत धाकटे चिरंजीव बंगळुरूहून, ताई सांगलीहून आल्या, अंगठे उमटले, छायाचित्रे निघाली.

ताबा दिल्यानंतर महिन्याभराने त्या शिक्षिकाबाईंचा मला दूरध्वनी आला. कडप्प्याचा ओटा काढून झाला होता, नवीन ओटा बसत होता, आणि आता बैठकीचा रंग बदलायचा होता. तो सायीचा रंग त्यांना आजारी वाटत होता, त्यांना पिवळा हवा होता, चांगला हळदीसारखा. रंगारी माझ्या माहितीतला कोणी आहे का, अशी त्यांनी विचारणा केली. मी त्याच रंगाऱ्याचा क्रमांक दिला, आणि तेलकट रंग सुचवू लागला तर ऐकू नका, एवढे बजावून ठेवले.